आधी ठेवीदाराचा हिशेब उघडा : इस्लामिक बँकांची मानके ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लेखा-मानक मंडळ व शरिया मंडळाचे सदस्य, एओफी (इस्लामिक वित्तसंस्थांची लेखा व लेखापरीक्षण संघटना), मनामा, बहरीन
आणि
परिषदेचे सदस्य, इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्ड (आयएफएसबी), क्वालालंपूर

सन्माननीय सदस्यहो,

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

इस्लामिक बँकांनी हिशेब कसा लिहावा आणि कोणता करार शरियाला धरून मानावा, याची मानके एओफी 1991 पासून लिहिते. त्यांनी भांडवल किती ठेवावे, जोखीम कशी मोजावी, हे आयएफएसबी 2003 पासून सांगते. आम्ही या बँकांच्या ठेव, वित्तपुरवठा आणि लेखापरीक्षण विभागांतली कामे जवळून जाणणारी मराठी भाषक माणसे आहोत. कुवेत, दुबई, दोहा, मस्कत इथे राबणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी लोकांचा पगार याच बँकांत जमा होतो. व्याजाचा पैसा घरात नको, एवढ्याच एका कारणासाठी त्यांतले अनेक जण ही बँक निवडतात. पत्र मराठीत लिहिले आहे ते त्यांनाही वाचता यावे म्हणून.

आमचे म्हणणे एकच आहे. इस्लामिक बँकेची रचना सुधारायची असेल तर सुरुवात ठेवीदाराच्या खात्यापासून करा. आजवर सुधारणेची जवळजवळ सगळी चर्चा कर्जाच्या बाजूने झाली: हा करार चालेल का, तो कागद पुरेसा आहे का, ही अट कोणत्या मतानुसार बसते. पण बँकेला खोटी विक्री करायला भाग पाडणारी गरज उगम पावते ठेवीच्या बाजूला. तिथे बांध घातल्याशिवाय कर्जाच्या बाजूचा कुठलाच नियम टिकत नाही.

मूळ आराखडा सरळ होता. अलीगढ आणि जेद्दाच्या विद्यापीठांत शिकवलेले डॉ. मुहम्मद नजातुल्ला सिद्दीकी आणि त्यांच्या पिढीचे अर्थतज्ज्ञ दोन मजली मुदारबा सांगत. मुदारबा म्हणजे एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, तोटा आला तर तो भांडवलाचा, आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. खालच्या मजल्यावर ठेवीदार भांडवल देणार आणि बँक मेहनत करणार. वरच्या मजल्यावर तीच बँक भांडवल देणार आणि धंदेवाला मेहनत करणार. दोन्ही मजल्यांवर कोणालाच आधी ठरलेला परतावा नाही.

आता हा खालचा मजला प्रत्यक्षात कसा चालतो ते आकड्यांत मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पद्धत रोजची आहे.

एका निधीत ठेवीदारांचे 800 आणि बँकेचे स्वतःचे 200, मिळून 1,000. पहिल्या वर्षी उत्पन्न झाले 70. बँकेच्या 200 वरचे 14 बाजूला काढले की उरतात 56. करारात वाटणी 60:40 अशी असेल तर ठेवीदारांना 33.6 मिळतात, म्हणजे ठेवीवर 4.2 टक्के, आणि बँकेला मेहनतीचे 22.4. इथवर सगळे चोख आहे.

दुसऱ्या वर्षी उत्पन्न घसरून 50 होते. ठेवींच्या वाट्याला 40 येतात, त्यांतले ठेवीदारांचे 24, म्हणजे 3 टक्के. शेजारची व्याजी बँक मात्र 4.2 देते आहे. ठेवी उठून जातील या धास्तीने बँक आपल्या 16 मधले 9.6 हिबा म्हणून, म्हणजे भेट म्हणून, ठेवीदारांच्या पारड्यात टाकते. दर पुन्हा 4.2.

तिसऱ्या वर्षी उत्पन्न 100. ठेवींच्या वाट्याला 80, ठेवीदारांच्या हक्काचे 48, म्हणजे 6 टक्के. पण वाटणी होण्याआधीच 24 नफा-समतोल राखीव निधीत वळवले जातात. उरलेल्या 56 ची वाटणी झाली की ठेवीदाराच्या हाती पुन्हा 33.6. दर पुन्हा 4.2.

तीन वर्षांची उत्पन्ने वेगवेगळी, दर एकच. तिसऱ्या वर्षी ठेवीदारांच्या हक्काचे 14.4 राखीव निधीत अडकले. त्या वर्षाअखेर जो खाते बंद करून गावी परतला, त्याचा त्यातला हिस्सा मागे राहिला. खाते उघडताना केलेल्या सह्यांत मुबारआचे कलम असते: राखीव निधीतला माझा हक्क मी सोडला. ते कलम वाचून सही करणारा ठेवीदार विरळा.

दर ठरावीक आकड्यावर आणायचे आणखी एक साधन म्हणजे भार. तीन महिन्यांच्या ठेवीला 0.8, वर्षाच्या ठेवीला 1.1, मोठ्या रकमेला त्याहून जास्त, असे भार प्रत्येक प्रकाराला दिले जातात आणि नफा त्यानुसार विभागतो. यात गैर काही नाही, पण भार महिना सुरू होण्याआधी जाहीर झाला तरच. तो महिना संपल्यावर बदलला तर दर आधी ठरतो आणि गणित मागाहून बसवले जाते. पाकिस्तानच्या स्टेट बँकेने 2012 मध्ये निधी-व्यवस्थापनाचे स्वतंत्र निर्देश काढले ते अशाच गोष्टींना शिस्त लावण्यासाठी. ठेवीदाराच्या पासबुकात मात्र फक्त दर दिसतो. निधीत काय होते, किती कमावले, राखीव निधीत किती गेले, हिबा किती आला, यातले काहीच त्याला कळत नाही.

ठेवीदाराने सोसायची जोखीम बँकेच्या भागधारकांवर सरकते, याला आपल्या मानकांतच विस्थापित व्यावसायिक जोखीम असे नाव आहे. नाव अचूक आहे. पण जोखीम सरकू द्यायची आणि खात्याला मुदारबा म्हणत राहायचे, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

याचा परिणाम वरच्या मजल्यावर होतो. काहीही झाले तरी 4.2 द्यायचेच असतील, तर बँक मासेमारीच्या बोटीत किंवा छोट्या कारखान्यात भागीदार होईल कशी? तिला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम परत देणारीच मालमत्ता लागते. मुशारका, म्हणजे भागीदारी, मागे पडते; मुराबहा, म्हणजे माल घेऊन ठरलेल्या नफ्याने उधार विकणे, पुढे येते, आणि ग्राहकाला वस्तूऐवजी रोख रक्कम हवी असली की तवर्रुक येते.

तवर्रुकची साखळी आपल्याला ठाऊक आहे. वाचकांसाठी ती सांगतो. ग्राहकाला 10,000 हवे आहेत. बँक एका दलालाकडून 10,000 चे ॲल्युमिनियम किंवा तांबे घेते. मलेशियात पाम तेल, त्यासाठी तिथे 2009 पासून बुर्सा सूक अल-सिला हा बाजारच आहे. तोच माल बँक ग्राहकाला 36 हप्त्यांत 11,500 ला विकते. ग्राहक बँकेलाच आपला वकील, म्हणजे व्यवहार करणारा प्रतिनिधी, नेमतो आणि बँक तो माल दुसऱ्या दलालाला रोख 10,000 ला विकून रक्कम खात्यात टाकते. शेकडो ग्राहकांची यादी एका फाइलने दलालाकडे जाते आणि काही मिनिटांत सगळे उरकते. माल कोणत्या गोदामात आहे, हे ग्राहकाला विचारले तर सांगता येत नाही. माल मला हवा, माझ्या दारी पोचवा, असे म्हणायची सोय कागदावर असते. ती वापरायची कशी, हे शाखेतल्या माणसालाही सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने 2009 मध्ये शारजाच्या एकोणिसाव्या अधिवेशनात असे संघटित तवर्रुक आणि उलटे तवर्रुक (ज्यात माल विकणारा ठेवीदार आणि घेणारी बँक) दोन्ही नामंजूर केले. एओफीचे शरिया मानक क्रमांक 30 सांगते की माल निश्चित ओळखता यावा, तो मूळ विक्रेत्याकडे परत जाऊ नये, आणि विक्रीसाठी ग्राहकाने बँकेलाच वकील करू नये. ओमानने 2012 च्या नियमावलीत तवर्रुकला मनाई केली. डॉ. सिद्दीकींनी 2007 मध्येच लिहिले होते की तवर्रुकचे नुकसान त्याच्या फायद्याहून मोठे आहे, कारण त्यातून वाढते ते केवळ कर्ज. इतके स्पष्ट निवाडे असूनही ते फोफावले. बँकांची माणसे बेईमान आहेत म्हणून असे झाले, असे आम्ही मानत नाही. खालच्या मजल्यावर ठरावीक दर द्यायचा असेल तर वरच्या मजल्यावर ठरावीक दर आणणारे यंत्र लागतेच, आणि सर्वांत स्वस्त यंत्र हेच आहे.

आता तर ते खालच्या मजल्यावरही उतरले आहे. उलट्या तवर्रुकमध्ये ठेवीदार बँकेला धातू विकतो, किंमत मुदतीने घेतो, आणि त्याला पहिल्या दिवसापासून पक्का दर मिळतो. मलेशियाने 2013 च्या इस्लामिक वित्तसेवा कायद्यात ठेव आणि गुंतवणूक खाते वेगळे केले. पाऊल अतिशय योग्य होते: ठेवीत मुद्दल सुरक्षित, गुंतवणूक खात्यात नफा-तोटा ठेवीदाराचा. पण मुदार‌ब्याच्या खात्यात मुद्दल सुरक्षित नाही असे उघडपणे सांगायची वेळ आली तेव्हा अनेक बँकांनी ती खाती तवर्रुकच्या मुदत ठेवींत बदलली. एक दार बंद केले आणि शेजारचे उघडे राहिले. आमच्या मते या सुधारणेतला सर्वांत मोलाचा धडा हाच, म्हणून पुढची प्रत्येक मागणी त्याच्याशी ताडून पाहावी.

दुसरा अडथळा भांडवलाच्या नियमात आहे, आणि तो आयएफएसबीच्या हातात आहे. 2005 च्या भांडवल-मानकात (ते पुढे 2013 आणि 2021 मध्ये नव्याने लिहिले गेले) साध्या पद्धतीने मोजले तर धंद्यातल्या मुशारकेला 400 टक्के जोखीम-भार लागत असे; जोखीम-भार म्हणजे भांडवल मोजताना रक्कम किती टक्के धरायची ते प्रमाण. रेटिंग नसलेल्या कंपनीच्या मुराबहाला 100 टक्के. घर तारण असेल तर अटी पाळून 35 टक्के. 8 टक्के भांडवल धरले, तर 100 च्या मुशारकेमागे बँकेने स्वतःचे 32 अडकवायचे, 100 च्या मुराबहामागे 8, आणि घरतारणामागे 2.8. कुठलाही शाखाप्रमुख कोणता अर्ज पुढे पाठवील, हे सांगायला नको. भागीदारी हाच इस्लामिक बँकेचा आत्मा आहे असे परिषदांतून सांगायचे आणि तिच्यावर मुराबहाच्या चौपट भार ठेवायचा, ही विसंगती आहे.

पण भार सरसकट कमी करा, असे आमचे म्हणणे नाही. बुडणाऱ्या भागीदारीची जोखीम खरीच मोठी असते. उत्तर आपल्याच सूत्रात आहे. गुंतवणूक खातेदार तोटा खरोखर सोसत असेल तर त्याच्या पैशातून झालेली मालमत्ता भांडवलाच्या गणितातून वगळता येते. किती वगळायची ते अल्फा ठरवतो. अल्फा म्हणजे नियामकाच्या अंदाजाने बँकेच्या अंगावर येणारा हिस्सा. अल्फा 30 टक्के असेल तर वरच्या 32 ऐवजी 9.6 भांडवल पुरते, आणि अल्फा शून्य असेल तर काहीच लागत नाही. म्हणजे ठेवीच्या बाजूचा प्रामाणिकपणा कर्जाच्या बाजूला भागीदारी परवडवतो. ज्या बँकेने तीन वर्षे हिबा दिला नाही आणि समतोल निधीला हात लावला नाही, तिला कमी अल्फा द्या. जिने दर सारखा ठेवला, तिला अल्फा 100 टक्के लावा. अल्फा प्रत्येक देशाने अंदाजाने न ठरवता बँकेच्या वागणुकीवरून मोजावा, आणि मोजायचे सूत्र आयएफएसबीने मानकातच लिहावे. या पत्रातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत मोठा परिणाम करणारी मागणी हीच.

रचना कशी हवी, ते आता थेट लिहितो. आज एकाच भांड्यात तीन वेगळ्या गोष्टी शिजतात. त्यांना तीन भांडी हवीत.

पहिले भांडे चालू खात्याचे. हे कर्ज, म्हणजे बिनव्याजी उसने: बँकेने मागताक्षणी पूर्ण परत द्यायचे, त्यावर परतावा नाही, भेटवस्तू नाही. या पैशामागे फक्त रोकड, मध्यवर्ती बँकेतली शिल्लक आणि अल्प मुदतीचे सरकारी सुकूक (मालमत्तेवर आधारलेले इस्लामी रोखे) असावेत. ठेव-विमा या भांड्याला. इथे उलट्या तवर्रुकची मुदत ठेव येऊच नये, आणि आज आहे ती पाच वर्षांत दर वर्षी एक पंचमांश कमी करत शून्यावर आणावी. एका रात्रीत बंदी घातली तर बँकांची रोकड आटेल. 2001 मध्ये तुर्कस्तानात इहलास फिनान्स या बिनव्याजी वित्तसंस्थेचा परवाना रद्द झाला. ठेवीदारांचा भरोसा उडाला की नफा-तोट्याच्या खात्यांवरही गर्दी लोटते आणि बँकेला मागणी पुरी करता येत नाही, हे तिथे दिसले. स्वतःच्याच उद्योगसमूहात पैसा गुंतवल्याचे परिणामही तिथे दिसले. म्हणून गतीचे वेळापत्रक आधी आणि बंदी शेवटी.

दुसरे भांडे गुंतवणूक खात्यांचे, आणि ते निधीवार. घर-गाड्यांच्या इजाराचा (भाडेकराराचा) एक निधी, व्यापारी मुराबहाचा दुसरा, लहान उद्योगांच्या मुशारकेचा तिसरा. प्रत्येक निधीचा ताळेबंद वेगळा. हिस्सा युनिटमध्ये मोजावा आणि युनिटची किंमत दर महिन्याला जाहीर व्हावी. म्युच्युअल फंडाचा एनएव्ही आपल्याकडे गावोगावी लोकांना कळतो, तोच मार्ग. राखीव निधी ठेवायचाच असेल तर त्यातला प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या युनिटच्या किमतीत धरावा, म्हणजे निघून जाणारा आपला हिस्सा घेऊन जाईल आणि मुबारआचे कलम आपोआप निरुपयोगी ठरेल. एओफीचे लेखा-मानक क्रमांक 35 या राखीव निधींसाठीच आहे. त्यातच ही दुरुस्ती बसते. पैसे काढायची मुदत निधीतल्या मालमत्तेला जुळावी: मुराबहाचा निधी 3 महिन्यांच्या सूचनेवर, मुशारकेचा वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना. मुशारकेचा निधी रोज मोकळा ठेवला तर पहिल्या अफवेत तो बुडेल.

तिसरे भांडे खऱ्या व्यापाराचे. बँकेने स्वतःच्या मालकीची एक व्यापारी कंपनी काढावी, तिच्याकडे गोदाम, मालाची पारख असलेली माणसे आणि विमा असावा. मुराबहा ही विक्री आहे, आणि विक्री करणाऱ्याला माल हाताळता यायला हवा. अनेक देशांत बँकांच्या कायद्यात व्यापाराला मनाई असते. भारताच्या बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट, 1949 चे कलम 8 तेच सांगते. उपकंपनी हा त्यावरचा मार्ग. मध्ये दोन विक्री होतात म्हणून मुद्रांक शुल्क दुप्पट पडत असेल तर ब्रिटनने 2003 मध्ये घरांसाठी दिली तशी सूट मागता येते.

मुराबहात नेमके काय बिघडते, याची उजळणी इथे करतो, कारण लेखापरीक्षणात सर्वाधिक चुका याच करारात सापडतात. क्रम असा हवा: ग्राहकाची मागणी, खरेदीचा एकतर्फी वादा, बँकेची पुरवठादाराकडून खरेदी, मालाचा ताबा, मग ग्राहकाला प्रस्ताव आणि स्वीकृती. ताबा आणि विक्री यांच्यामधला काळ कितीही छोटा असो, त्या काळात माल जळाला किंवा हरवला तर नुकसान बँकेचे. नफ्याचे समर्थन त्या जोखमीवरच उभे आहे.

प्रत्यक्षात पुरवठादाराच्या बिलाची तारीख वकीलपत्राच्या आधीची निघते, म्हणजे ग्राहकाने माल आधीच घेतलेला असतो आणि बँक जुने देणे फेडते. खाद्य, साखर, डिझेल यांसारखा माल स्वीकृतीची सही होईपर्यंत वापरून संपलेला असतो, आणि नसलेल्या मालाची विक्री होते. रक्कम पुरवठादाराऐवजी ग्राहकाच्या खात्यात जाते. मुदत संपली की तेच बिल नव्या मुराबहात पुन्हा लावले जाते, आणि हे तर उघड उघड मुदतवाढीवरचे व्याज आहे. चारही दोषांचे मूळ एकच: ग्राहकालाच खरेदीचा वकील करणे. मानक क्रमांक 8 म्हणते की अगदी नाइलाज असेल तरच असे करा. व्यवहारात हा नाइलाज रोजचाच झाला आहे. तो मोजण्याजोगा करा: ग्राहक-वकीलपत्राने झालेले मुराबहा एकूण मुराबहाच्या किती टक्के, हे बँकेने दर तिमाहीत छापावे. पैसे थेट पुरवठादाराला जावेत, बिल बँकेच्या नावाने असावे, नाशवंत मालात ताबा आणि स्वीकृती यांत ठरावीक तासांची मर्यादा असावी, आणि दर शंभरात निदान काही मालाची गोदामात जाऊन तपासणी व्हावी. मर्यादा मोडली तर त्या व्यवहाराचा नफा दानात जावा, भागधारकांकडे नको.

इजाराबद्दल थोडक्यात: मोठी दुरुस्ती आणि ताकाफुल (इस्लामी विमा) मालकाचे, म्हणजे बँकेचे. सेवा-वकीलपत्र आणि पूरक भाड्याच्या मार्गाने तो खर्च पूर्ण ग्राहकावर ढकलला तर मालकी नावापुरती उरते. घटत्या मुशारकेत, जिथे ग्राहक बँकेचा हिस्सा हळूहळू विकत घेतो, घराचे 80 बँकेचे आणि 20 ग्राहकाचे असतात. हप्ता थकला की ग्राहकाने बँकेचा उरलेला हिस्सा आधी ठरलेल्या किमतीला घ्यायचा, असा वादा घेतला जातो. घराचा भाव कोसळला तर सगळे नुकसान ग्राहकाचे. मानक क्रमांक 12 भागीदाराच्या हिश्शाची दर्शनी किमतीला हमी घेऊ देत नाही. घरांच्या व्यवहारांत मालकीची भागीदारी असे नाव देऊन ही अट टाळली जाते. थकबाकीनंतरची विक्री बाजारभावाने आणि तोटा हिश्शाप्रमाणे, हे मानकात स्पष्ट लिहावे. उशिराचा दंड दानात जातो, पण कोणाच्या दानात? बँकेच्याच नावाच्या प्रतिष्ठानाला जाऊन त्याची जाहिरात होत असेल तर तो बँकेचाच लाभ. घेणाऱ्या संस्थेचे नाव आणि रक्कम छापली जावी.

शरिया मंडळांकडे येतो. ज्या बँकेच्या करारांवर निवाडा द्यायचा तीच बँक मानधन देते, तेच मोजके विद्वान अनेक बँकांच्या मंडळांवर बसतात, आणि फतवा एका ओळीत येतो. विद्वानांच्या सचोटीबद्दल आम्हाला शंका नाही. मुद्दा रचनेचा आहे. संयुक्त अरब अमिरातीने देशपातळीवर उच्च शरिया प्राधिकरण नेमले आणि 1 सप्टेंबर 2018 पासून एओफीची मानके बंधनकारक केली. बहरीनने बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून शरिया तपासणी आणली. मलेशियात मध्यवर्ती बँकेच्या शरिया सल्लागार परिषदेचा निवाडा न्यायालयावरही बांधील आहे, आणि 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ते उचलून धरले. या तिन्ही देशांतले चांगले उचलून एकच मानक करा: मानधन बँकांकडून वर्गणी घेऊन नियामकाने द्यावे, एका विद्वानाने किती मंडळांवर बसावे याला मर्यादा असावी, कोणत्याही मंडळावरची मुदत ठरलेली असावी, फतवा कारणांसह छापावा आणि वेगळे मत असेल तर तेही छापावे. वेगळे मत छापण्याची रीत फिकहच्या जुन्या ग्रंथांत होती. बँकांनी ती का सोडावी?

करार इंग्लंडच्या कायद्याखाली लिहिले जातात, तेव्हा हे सगळे न्यायालयात कसे कोसळते, तेही पाहावे. शामिल बँक विरुद्ध बेक्सिमको या खटल्यात 2004 मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने शरियाच्या तत्त्वांना अधीन राहून, या शब्दांना कायद्याचे वजन नाकारले. 2017 मध्ये शारजाच्या दाना गॅस या वायू कंपनीने आपलेच 70 कोटी डॉलरचे सुकूक अमिरातीच्या कायद्यात बेकायदा आहेत असे म्हणत देणे नाकारले, आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने खरेदीचा वादा वैध ठरवून धारकांच्या बाजूने निकाल दिला. पैसे घ्यायच्या वेळी शरिया पुरेशी, द्यायच्या वेळी अपुरी, असा अनुभव धारकाला आला तर पुढचा सुकूक कोण घेईल? एओफीने 2023 च्या अखेरीस सुकूकसाठी मानक क्रमांक 62 चा मसुदा काढून मालमत्तेची खरी मालकी धारकाकडे जावी असा आग्रह धरला. आमचा त्याला पाठिंबा आहे. विरोध करणारे म्हणतात की बाजार आक्रसेल. काही काळ आक्रसेलही. पण मालमत्ता धारकाची आहे असे लिहायचे आणि अडचणीच्या वेळी ती काढून घेता येऊ नये, अशा कागदावर उभा राहिलेला बाजार मोठा असूनही पोकळच राहतो.

भारताबद्दल एक मुद्दा लिहिणे भाग आहे. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले. पुढे रिझर्व्ह बँकेने विषय तपासला आणि 2017 मध्ये तो पुढे न नेण्याचे ठरवल्याचे माहितीच्या अधिकारातून समोर आले. नियमांत बसणारी वाट बंद असली की श्रद्धेचे नाव घेऊन बिननियमांची दुकाने उघडतात. 2019 मध्ये बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरीत हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो कुटुंबांची पुंजी गेली. आपल्या मानकांत ठेवीदारापुढे हिशेब उघडण्याची सक्ती असती, तर इथल्या माणसाला निदान एक कसोटी मिळाली असती: ज्याचा निधीचा ताळेबंद दिसत नाही, तिथे पैसे टाकू नयेत.

सगळे एकदम होणार नाही, म्हणून क्रम सांगतो. पहिल्या वर्षी फक्त उघडीप. प्रत्येक बँकेने दर तिमाहीला एका पानावर छापावे: निधीचे एकूण उत्पन्न; बँकेचा आणि ठेवीदारांचा वाटा, राखीव निधीआधी आणि नंतर; समतोल निधीत गेलेली आणि आलेली रक्कम; दिलेला हिबा; वापरलेले भार; एकूण वित्तपुरवठ्यात तवर्रुकचा आणि ग्राहक-वकील मुराबहाचा हिस्सा; दानात गेलेल्या रकमा. हे सगळे आकडे बँकांच्या प्रणालीत आजही असतात. नवे काही बांधायचे नाही. दुसऱ्या वर्षी अल्फाचे सूत्र आणि युनिटची पद्धत. तिसऱ्या वर्षापासून तवर्रुकची उतरती मर्यादा.

घाईचे एक ठोस कारण आहे. पाकिस्तानने ऑक्टोबर 2024 मध्ये घटनेत दुरुस्ती करून 1 जानेवारी 2028 पर्यंत शक्य तितके व्याज हटवण्याचे कलम घातले. तिथे 1980 च्या दशकातही रुपयांतल्या व्याजी ठेवी नफा-तोट्याच्या खात्यांत बदलल्या होत्या, आणि 1991 मध्ये फेडरल शरियत कोर्टाने त्याच व्यवस्थेतल्या मार्क-अपला (किमतीवर लावलेल्या ठरावीक वाढीला) रिबा, म्हणजे व्याज, ठरवले. नावे बदलली होती, खालच्या मजल्याचा हिशेब तसाच राहिला होता. आता संपूर्ण देशाच्या बँका आपल्या मानकांच्या साच्यातून पुन्हा जातील, तेव्हा तो साचा दुरुस्त झालेला असावा.

आमची तातडीची विनंती: तिमाही पानाचा मसुदा या वर्षातच टिप्पण्यांसाठी खुला करावा, आणि अरबी-इंग्रजीसोबत उर्दू, मलय, बंगाली आणि मराठीतही ठेवावा. त्या पानाचा नमुना तक्ता, वरच्या तीन वर्षांच्या उदाहरणाने भरलेला, आम्ही तयार केला आहे. आपण मागाल त्या स्वरूपात पाठवू.

आपले,
आखाती देशांतील मराठी भाषक बँक कर्मचारी, लेखापरीक्षक आणि ठेवीदार